‘बॉनी अँड क्लाइड’ आणि समीक्षकांची जुंपली ती गोष्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सिनेमा नेमका कोणता? आणि त्याच्या परीक्षणांवर वेगळं पान कशाला?

१९६७ चा अमेरिकी सिनेमा. दिग्दर्शक आर्थर पेन, निर्माता आणि नायक वॉरन बेट्टी, नायिका फे डनवे. गोष्ट १९३० च्या दशकातल्या मंदीच्या काळातली. टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत बँका लुटत, माणसं मारत फिरणाऱ्या बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो या जोडीची. दोघंही खरी होती आणि २३ मे १९३४ रोजी लुईझियानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली.

वेगळं पान अशासाठी, की या सिनेमाच्या परीक्षणांची गोष्ट सिनेमाइतकीच रंगतदार आहे. एका समीक्षकाने आठवड्याभरात स्वतःचं मत जाहीरपणे फिरवलं. एका बड्या साप्ताहिकाने आधी झिडकारलेला सिनेमा चार महिन्यांनी मुखपृष्ठावर छापला. आणि न्यूयॉर्कमधल्या सगळ्यात वजनदार समीक्षकाची खुर्ची हलली. असं एकाच सिनेमाच्या बाबतीत क्वचितच होतं.

सुरुवातीला सगळ्यांनीच झोडपलं होतं का?

नाही. हे अर्धसत्य फार पसरलं आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये मॉन्ट्रियलच्या महोत्सवात पहिला खेळ झाला तेव्हा प्रेक्षकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. ‘न्यूयॉर्कर’च्या पेनेलोपी गिलिएट यांनी पहिल्याच फेरीत कौतुक केलं. पण ज्यांच्या शब्दावर तिकिटं विकली जात किंवा पडून राहत, ते सगळे विरोधात गेले: ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘टाइम’, ‘न्यूजवीक’. तिघांची तक्रार साधारण एकच. गुन्हेगारांची गंमत केली आहे, इतिहासाची वाट लावली आहे आणि वर रक्ताचा सडा.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर तर थांबायलाच तयार नव्हते. मॉन्ट्रियलहून एकदा लिहिलं, न्यूयॉर्कला सिनेमा लागल्यावर पुन्हा लिहिलं आणि वाचकांची चिडलेली पत्रं यायला लागल्यावर तिसऱ्यांदा. त्यांच्या लेखी हा सिनेमा म्हणजे दोन निर्बुद्ध खुन्यांच्या क्रौर्यावर चढवलेला स्वस्त विनोदाचा मुलामा होता.

क्राउदर जुन्या वळणाचे, सोवळे होते म्हणून चिडले का?

असं म्हणून त्यांना निकालात काढायची फॅशन आहे. मला ती पटत नाही.

क्राउदर १९४० पासून ‘टाइम्स’चे मुख्य सिनेसमीक्षक होते. महायुद्धानंतर इटलीतून आलेले साधे, रस्त्यावरचे सिनेमे अमेरिकी प्रेक्षकापर्यंत पोहोचावेत म्हणून त्यांनी भरपूर लिहिलं. सेन्सॉरशिपच्या विरोधात ते जाहीरपणे उभे राहिले, तेही असं बोलणं महागात पडू शकत होतं त्या काळात. म्हणजे हा माणूस ‘बंदी घाला’ म्हणणाऱ्यांतला नव्हता.

मग बिनसलं कुठे? १९६७ चा उन्हाळा आठवा. जुलैमध्ये न्यूअर्क आणि डेट्रॉइट ही शहरं वांशिक दंगलींत पेटली होती. व्हिएतनामच्या युद्धाची चित्रं रोज रात्री टीव्हीवरून घरात येत होती. त्याच उन्हाळ्यात पडद्यावर बंदुकांचे सिनेमे जोरात चालू होते आणि क्राउदर त्या सगळ्यांवरच तुटून पडत होते. त्यांच्या मते सिनेमावर एक जबाबदारी होती आणि इथे ती झटकून, वर हसू उमटवलं गेलं होतं. या हसण्यानेच त्यांचा तोल गेला, असं मला त्यांचे लेख वाचून वाटतं. हिंसा त्यांनी आधीही पाहिली होती. हिंसेच्या अलीकडे-पलीकडे थिएटर हसतंय, हे त्यांना सहन होत नव्हतं.

ते हसण्याचं प्रकरण काय आहे? एखादा प्रसंग सांगाल का?

सांगतो, कारण अख्खं भांडण त्या एका प्रसंगात सापडतं.

क्लाइड, बॉनी आणि त्यांचा नवखा ड्रायव्हर सी. डब्ल्यू. मॉस. दोघं बँकेत शिरतात, सी. डब्ल्यू. गाडी चालू ठेवून दाराशी थांबायचा, असं ठरलेलं. आतून दोघं पैसे घेऊन धावत बाहेर येतात, तर गाडी जागेवर नाही! या पठ्ठ्याने समोर मोकळी जागा दिसली म्हणून दोन गाड्यांच्या मध्ये व्यवस्थित पार्क केली आहे. अगदी सज्जन नागरिकासारखी. आता तो ती बाहेर काढतोय. पुढच्या गाडीला ठोकर, मागच्या गाडीला ठोकर, पुन्हा पुढच्या. क्लाइड ओरडतोय. थिएटर खदखदून हसतंय.

तेवढ्यात बँकेतला एक वयस्कर कर्मचारी धावत येतो आणि निघालेल्या गाडीच्या पायरीवर उडी मारून खिडकीला लटकतो. क्लाइड घाबरतो आणि गोळी झाडतो. काच तडकते आणि तिच्या मागे रक्ताने भरलेला चेहरा.

हसणाऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहतं.

याच्यापुढचा प्रसंग मला त्याहून भयंकर वाटतो, आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. तिघं लपायला एका सिनेमा थिएटरात शिरतात. पडद्यावर १९३३ सालची संगीतिका चालू आहे, नाण्यांनी नटलेल्या नर्तिका पैशांचं गाणं म्हणतायत. क्लाइडला माणूस मारल्याचा धक्का बसलाय, तो सी. डब्ल्यू.ला शिव्या घालतोय, टोपीने बडवतोय. आणि बॉनी? ती वैतागून दोघांना गप्प करते. तिला सिनेमा बघायचाय. पुढे लॉजवर आरशासमोर उभी राहून तेच गाणं ती गुणगुणते.

म्हणजे मेलेल्या माणसाला विसरून पडद्यात रमलेला प्रेक्षक सिनेमातच बसवलेला आहे. आपण जरा आधी काय करत होतो, ते बॉनी आपल्याला दाखवते. क्राउदरनी हसू ऐकलं आणि त्यावरून निकाल दिला. ते हसू कुठे अडकतं हे ऐकायला मात्र ते थांबले नाहीत, असं माझं मत. अर्थात प्रत्येकाचं हसू तिथे अडकत असेलच असंही नाही. काहींना शेवटपर्यंत मजाच येते. तेव्हा क्राउदरांची भीती अगदीच पोकळ नव्हती.

पॉलीन केल यांनी असं काय लिहिलं, की त्यांचं नाव या सिनेमाला कायमचं चिकटलं?

केलबाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या, आणि फुटकळ लेखनावर गुजराण. ‘न्यू रिपब्लिक’साठी त्या लिहीत असत. या सिनेमावरचा त्यांचा लांबलचक लेख त्या साप्ताहिकाने नाकारला. मग तो २१ ऑक्टोबर १९६७ च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये आला. हजारो शब्दांचा. दुसऱ्या वर्षी त्या तिथल्या नियमित समीक्षक झाल्या आणि पुढची दोन दशकं अमेरिकेत सिनेमावर कसं लिहावं याची चाल त्यांनी ठरवली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

लेखाची सुरुवातच भांडखोर आहे: अंगावर कुणी धावून न येता या देशात चांगला सिनेमा काढायचा तरी कसा? पुढे त्या मुद्द्यावर येतात. नेहमीच्या सिनेमात माणसं पटापट मरतात आणि आपल्याला काहीच होत नाही. इथे मरण टोचतं. मृत्यूचा गेलेला डंख या सिनेमाने परत आणला, असा त्यांचा दावा. हिंसा दाखवली म्हणून सिनेमा हिंसक ठरत नाही, आणि विनोद व हिंसा एकत्र आणण्यानेच प्रेक्षक बेसावध पकडला जातो.

हा लेख म्हणजे नुसती आरती आहे, असा समज असेल तर तो वाचलेला नाही म्हणायचं. डनवेचे केस चुकीचे आहेत, डोळ्यांचा मेकअप साठच्या दशकातला आहे आणि अभिनयाची ढबही त्याच काळातली, हे त्या रोखठोक सांगतात. जुन्या गुंड जोड्यांवरच्या आधीच्या सिनेमांची वंशावळ मांडून, यात नवं किती आणि उसनं किती, याचा हिशेबही करतात. ज्याची बाजू घ्यायची त्याचेच दोष मोजायचे, ही त्यांची पद्धत. आजच्या ‘मास्टरपीस’ किंवा ‘बकवास’ या दोन शिक्क्यांच्या जमान्यात ती जरा अवघडच जाते.

समीक्षकाने स्वतःचं परीक्षण मागे घेतलं, ही दंतकथा आहे का?

खरं आहे. ‘न्यूजवीक’चे जो मॉर्गनस्टर्न. पहिल्या परीक्षणात त्यांनी हा मूर्खांसाठी काढलेला गलिच्छ गोळीबारपट ठरवला. मग सुट्टीच्या दिवशी पत्नीला घेऊन साध्या थिएटरात पुन्हा पाहिला. भोवतालचे प्रेक्षक हसत होते, दचकत होते, ओरडत होते. मॉर्गनस्टर्नना घाम फुटला. पुढच्याच अंकात त्यांनी लिहिलं, की आपलं आधीचं परीक्षण घोर अन्यायकारक आणि चुकीचं होतं.

समीक्षकांच्या खास खेळात, वही मांडीवर ठेवून पाहिलेला सिनेमा आणि तिकीट काढून भरल्या थिएटरात पाहिलेला सिनेमा यात किती फरक पडतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आणि ‘टाइम’ साप्ताहिक?

त्यांचा पहिला शेरा तुच्छतेचा होता. नंतर ८ डिसेंबर १९६७ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी केलेलं बॉनी-क्लाइडचं कोलाज, आणि आत हॉलिवूडच्या ‘नव्या सिनेमा’वर मोठा लेख. आपल्या परीक्षणाने खऱ्या आणि पडद्यावरच्या जोडीची तुलना करण्याची चूक केली, हे त्यांनी त्यात कबूल केलं. वारं फिरलेलं पाहून नांगर उचलला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

रॉजर ईबर्ट यांचं मत काय होतं?

पंचवीस वर्षांचा तरुण, ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये सिनेमाचं काम मिळून जेमतेम सहा महिने झालेले. त्याने सप्टेंबर १९६७ मध्ये चार तारे दिले आणि अमेरिकी सिनेमाच्या इतिहासातला हा मैलाचा दगड आहे, असं लिहून टाकलं. बरोबर ठरला.

सिनेमा पडला होता ना?

आधी पडू दिला होता, असं म्हणणं जास्त बरोबर. स्टुडिओचे प्रमुख जॅक वॉर्नर यांना तो मुळीच आवडला नव्हता. याच स्टुडिओने तीसच्या दशकात गुंडपट काढून नाव कमावलं होतं, हा त्यांनाच केलेला सलाम आहे, असं बेट्टींनी समजावून पाहिलं. वॉर्नरना तो सलाम कळला नाही. त्यांनी सिनेमा मोजक्या थिएटरांत लावला, जाहिरात बेताची, आणि शरद ऋतूत तो उतरलाही.

इकडे लंडनमध्ये तो धो-धो चालला. जॉर्जी फेमचं या जोडीवरचं गाणं जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. केलबाईंचा लेख आला होता, ‘टाइम’चं मुखपृष्ठ झालं होतं. मग ऑस्करची दहा नामांकनं जाहीर झाली. बेट्टी स्टुडिओच्या मागे हात धुऊन लागले होतेच. १९६८ च्या सुरुवातीला सिनेमा पुन्हा मोठ्या प्रमाणावर लागला आणि साधारण पंचवीस लाख डॉलरांत झालेल्या या सिनेमाने कोट्यवधींचा गल्ला केला. गंमत म्हणजे सिनेमा चालणार नाही, या हिशेबाने स्टुडिओने बेट्टींना मानधन थोडं आणि मिळकतीत ४० टक्के वाटा कबूल केला होता!

कपडे, टोप्या, गाड्या… गुन्हेगारांना एवढं देखणं दाखवणं योग्य होतं का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि त्याला सरळ उत्तर नाही. वेशभूषाकार थिओडोरा व्हॅन रंकल यांचं हे पहिलंच मोठं काम. बॉनीची बेरे टोपी, अंगावर चापून बसलेला स्वेटर, पोटरीपर्यंतचा स्कर्ट. मिनीस्कर्टच्या ऐन भरात बायका लांब स्कर्ट आणि बेरे शोधायला लागल्या. फॅशनच्या मासिकांनी डनवेला उचलून धरलं.

पण सिनेमाच्या आत बघा. बॉनी आणि क्लाइड सतत स्वतःचे फोटो काढतात. बॉनी सिगार तोंडात धरून पोज देते, वर्तमानपत्राला कविता पाठवते. खरी बॉनीही कविता करत होती आणि तिचा सिगारवाला फोटोही खराच आहे. या दोघांना देखणं, प्रसिद्ध व्हायचंय. नटवेपणा त्या पात्रांचाच आहे, दिग्दर्शकाने वरून चिकटवलेला नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच जुने मळकट फोटो कॅमेऱ्याच्या खटक्यासरशी येत-जात राहतात आणि पांढरी अक्षरं हळूहळू लाल होतात. तेवढ्यात बरंच सांगून झालेलं असतं.

बर्नेट गफी यांच्या छायाचित्रणाचंही तसंच. टेक्ससमधली ओस गावं, मंदीत बंद पडलेल्या बँकांच्या इमारती, धूळ. बॉनी आईला भेटायला जाते तो प्रसंग कॅमेऱ्यापुढे जाळी धरून चित्रित केला आहे. सगळं धुरकट, आठवणीतल्यासारखं. आई झालेली बाई नटी नव्हती, तिथलीच एक शिक्षिका होती. क्लाइड ‘आम्ही तुमच्या घराजवळच राहू’ वगैरे गोड बोलतो तेव्हा ती थंडपणे सांगते, की माझ्यापासून तीन मैलांवर राहायला आलीस तर जगणार नाहीस, पोरी. कुठल्याही समीक्षकाच्या आधी या म्हातारीने त्या ग्लॅमरची हवा काढून घेतली आहे.

इतिहासाच्या दृष्टीने कितपत खरा?

बेताचाच. टीकाकारांचा हा मुद्दा बिनतोड आहे.

सी. डब्ल्यू. मॉस नावाचा कुणी नव्हता. टोळीतल्या दोन पोरांना मिसळून तो घडवला. पोलीस अधिकारी फ्रँक हेमरला ही टोळी पकडून त्याची फजिती करते, हे निव्वळ रचलेलं. प्रत्यक्षात हेमरची आणि त्यांची समोरासमोर गाठ पडली ती थेट शेवटच्या दिवशी. हेमरच्या कुटुंबाने निर्मात्यांवर दावा लावला आणि तो कोर्टाबाहेर मिटला. क्लाइडची वहिनी ब्लँश बॅरो तेव्हा हयात होती. पडद्यावर आपण नुसत्या किंचाळत धावतो, हे तिला अजिबात रुचलं नाही. (त्या किंचाळण्यालाच ऑस्कर मिळालं, हा भाग वेगळा.) या टोळीने मारलेल्यांत पोलिसांची संख्या मोठी होती आणि त्यांच्या विधवांची बाजू सिनेमात कुठेच नाही. आणि ते प्रसिद्ध बँजोचं संगीत? ते ध्वनिमुद्रण १९४९ चं. क्लाइड तोवर पंधरा वर्षांपूर्वी मेला होता.

फ्रेंच सिनेमाचा संबंध असतो म्हणतात तो काय?

लेखक रॉबर्ट बेंटन आणि डेव्हिड न्यूमन हे फ्रेंच नवलाटेचे, म्हणजे चाकोरी मोडणाऱ्या तरुण फ्रेंच दिग्दर्शकांच्या चळवळीचे भक्त. त्यांनी संहिता आधी त्या लाटेतले दिग्दर्शक त्रुफो यांना दिली, गोदारांशीही बोलणं झालं, दोन्हीकडे जमलं नाही. त्रुफोंकडूनच बेट्टींना तिचा पत्ता लागला. हसता हसता एकदम काळजात सुरी, हा सूर तिकडचा.

शेवटच्या गोळीबाराबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण तोपर्यंत हॉलिवूडमध्ये माणूस गोळी लागली की छातीला हात लावून पडत असे. इथे पक्ष्यांचा थवा झुडपातून उडतो, दोघं क्षणभर एकमेकांकडे बघतात आणि मग सुरू. पेननी एकाच वेळी वेगवेगळ्या वेगाने चालणारे अनेक कॅमेरे लावले आणि संकलक डीडी ॲलन यांनी ते तुकडे असे जोडले, की शरीरं एकाच वेळी झटके खातात आणि तरंगतातही. क्लाइडच्या डोक्याचा तुकडा उडताना दिसतो. केनेडींच्या हत्येची आठवण तिथे मुद्दाम होती, हे पेननी नंतर सांगितलं. मग शांतता. भोकं पडलेल्या काचेतून पोलीस जवळ येताना दिसतात, आणि पडदा काळा. संगीत नाही, कुणाचं वाक्य नाही.

नाचासारखं सुंदर केलंय म्हणून कुणी नावं ठेवली, कुणी त्यासाठीच डोक्यावर घेतलं. पुढच्या पन्नास वर्षांतल्या पडद्यावरच्या गोळीबारांचं बरंचसं देणं इथलं आहे, चांगलंही आणि वाईटही.

ऑस्कर किती?

दहा नामांकनं, त्यांत पाच अभिनयाची. मिळाली दोन: साहाय्यक अभिनेत्री एस्टेल पार्सन्स (पडद्यावरची ब्लँश) आणि छायाचित्रकार बर्नेट गफी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे सोहळा दोन दिवस पुढे ढकलून १० एप्रिल १९६८ ला झाला. सर्वोत्तम चित्रपटाचा मान ‘इन द हीट ऑफ द नाइट’ला गेला.

क्राउदर यांची नोकरी या सिनेमाने खाल्ली का?

१९६८ च्या सुरुवातीला त्यांच्या जागी रेनाटा ॲडलर आल्या. वय तिशीच्या आसपास. क्राउदर साठी ओलांडलेले आणि सत्तावीस वर्षं त्या जागेवर होते, तेव्हा बदल कधीतरी होणारच होता. पण वाचकांची पत्रं ढिगाने विरोधात येत असताना ते ज्या हट्टाने लिहीत राहिले, त्याने ते घाईने घडलं असं बहुतेक जण मानतात. मला त्यांच्याबद्दल थोडं वाईटच वाटतं. चुकले, पण जे वाटलं ते सही करून तीनदा लिहिलं.

आज पहिल्यांदा बघायचा तर काही सूचना?

मुलांना घेऊन बसू नका. डनवेच्या केसांकडे दुर्लक्ष करा. आणि मोबाइलवर, रिमोटने आवाज वर-खाली करत बघू नका. बेट्टींनी बंदुकांचे आवाज मुद्दाम मोठे ठेवले होते. बोलणं हळू, आणि मध्येच धडाम. जॉर्ज स्टीव्हन्सच्या ‘शेन’मध्ये हे केलं होतं, त्यावरून उचललेली युक्ती.

बेट्टी सांगतात तो किस्सा असा. लंडनच्या खेळाला ते बसले होते आणि गोळ्यांचे आवाज अगदीच फुसके येत होते. धावत वर प्रोजेक्शन रूममध्ये गेले. तिथला ऑपरेटर आनंदाने म्हणाला, तुमच्या सिनेमाचा आवाज फार वाईट मिसळलाय हो, पण काळजी नको, मी तक्ता बनवलाय, कुठे वाढवायचा आणि कुठे कमी करायचा. इतका वाईट आवाज मी ‘शेन’नंतर पहिल्यांदाच ऐकतोय.